खोलीच्या तापमानाला टायटॅनियम क्रीप होते का? नॅनो-ठशातून मिळणाऱ्या आकड्याचा अर्थ आणि त्याची मर्यादा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत विमानांचे सुटे भाग मशिनिंग करून देणाऱ्या एका कारखान्यातील तरुण अभियंत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी ग्रेड ५ टायटॅनियमच्या, म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूच्या नमुन्यावर बाहेरच्या प्रयोगशाळेतून नॅनोइंडेंटेशन क्रीप चाचणी करून घेतली; क्रीप म्हणजे स्थिर भाराखाली धातूने काळाबरोबर हळूहळू सरकत जाणे. हिऱ्याच्या टोकाने ५०० नॅनोमीटर खोल ठसा घेतला, भार ६०० सेकंद स्थिर धरला, तेवढ्या वेळात टोक आणखी २७ नॅनोमीटर आत गेले, कठीणपणा ४.० वरून ३.६ गिगापास्कलवर आला आणि अहवालात ताणाचा घातांक ६५ असा छापून आला. सोबत दिलेल्या एका हाय-एन्ट्रॉपी (अनेक धातू जवळपास सारख्या प्रमाणात मिसळलेल्या) मिश्रधातूच्या नमुन्याचा घातांकही असाच मोठा निघाला. पाठ्यपुस्तकांत हा घातांक साधारण ३ ते ७ दिलेला असतो, मग ६५ ही चूक समजावी का, टायटॅनियम खोलीच्या तापमानाला खरोखर क्रीप होते का, आणि या आकड्यावरून भागाचे आयुष्य काढता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण धोका तिथे आहे. या आकड्यावरून आयुष्य काढता येणार नाही, आणि कोणी काढलेच तर चूक नेमकी घातक बाजूला होईल. ती कशी, हे आकडे मांडूनच पाहू या.

नेहमीच्या क्रीप सूत्रात विकृतीचा, म्हणजे मूळ मापाच्या तुलनेतील बदलाचा, दर हा ताणाच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात असतो; हा घात म्हणजेच ताणाचा घातांक. १९२९ पासून हे सूत्र नॉर्टनच्या नावाने ओळखले जाते. ठशाच्या चाचणीत ताण थेट मोजला जात नाही, तो कठीणपणावरून काढतात. टेबर यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार धातूचा कठीणपणा त्याच्या प्रवाही ताणाच्या सुमारे तिप्पट असतो. तुमच्या ३.६ गिगापास्कलला ३ ने भागले की १,२०० मेगापास्कल येतात. ग्रेड ५ चे अ‍ॅनील्ड अवस्थेतील किमान यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो ताण, सुमारे ८३० मेगापास्कल धरले जाते. म्हणजे होल्डच्या (भार स्थिर धरलेल्या काळाच्या) शेवटच्या क्षणीसुद्धा टोकाखालचा धातू यील्डच्या बऱ्याच वर होता. आता समजा, कामावर असलेल्या भागातील ताण ६०० मेगापास्कल आहे, म्हणजे चाचणीतल्या ताणाच्या निम्मा. घातांक ६५ धरून उतरत गेलात तर विकृतीचा दर २ च्या ६५ व्या घाताने, म्हणजे ३७ वर १८ शून्ये इतक्या पटीने कमी होतो. होल्डच्या शेवटी तुमचा दर सेकंदाला सुमारे ०.००००१ होता. त्याला या संख्येने भागले, तर विश्वाच्या वयाइतका, म्हणजे सुमारे १३.८ अब्ज वर्षांचा काळ गेला तरी भागात जेमतेम एक दशलक्षांशाच्या दहाव्या हिश्श्याएवढी विकृती साचेल. गणित बरोबर आहे आणि निष्कर्ष पूर्णपणे खोटा आहे, कारण हेच टायटॅनियम यील्डच्या खालच्या ताणावर, थंड अवस्थेत, मिनिटांच्या आणि तासांच्या हिशेबात सरकते, ही गोष्ट उद्योगाने मोठी किंमत देऊन शिकलेली आहे.

ती किंमत कोणती, हे सांगणे आवश्यक आहे, कारण ओझरला विमाने बांधणाऱ्या आणि अंबड-सातपूरला त्यांचे भाग घडवणाऱ्या आपल्या परिसरात हा विषय केवळ शोधनिबंधांपुरता राहू नये. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रोल्स-रॉईसच्या आरबी-२११ इंजिनांतील, आयएमआय-६८५ या टायटॅनियम मिश्रधातूच्या पंख्याच्या डिस्क अपेक्षित आयुष्यापेक्षा फार लवकर फुटल्या आणि ‘ड्वेल फटीग’ हा प्रकार सर्वांच्या लक्षात आला. भार नुसता चढवून-उतरवून घेतला तर भाग जितकी आवर्तने टिकतो, त्यापेक्षा खूपच कमी आवर्तने तो कमाल भारावर काही वेळ रोखून धरल्यास टिकतो. त्यानंतर ३० सप्टेंबर २०१७ रोजी पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३८० विमानाच्या एका इंजिनाचा पंख्याचा हब ग्रीनलंडवर उडत असताना फुटला आणि विमान कॅनडातील गूज बे येथे उतरवावे लागले. हबचा हरवलेला तुकडा २०१९ मध्ये बर्फाखालून शोधून काढण्यात आला. फ्रान्सच्या बीईए या तपास संस्थेने कारण दिले ते कोल्ड ड्वेल फटीगचे, आणि हबचा धातू होता तुमच्याच नमुन्याचा, ग्रेड ५. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: होय, खोलीच्या तापमानाला टायटॅनियम क्रीप होते.

अनेकांना हे पटत नाही, कारण शिकवताना आपण सांगतो की निरपेक्ष तापमान वितळबिंदूच्या साधारण ४० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय क्रीपची चिंता करू नये. ग्रेड ५ सुमारे १,९०० केल्विनला वितळते, खोलीचे तापमान ३०० केल्विन, गुणोत्तर ०.१६. या नियमाने विसरणावर, म्हणजे अणूंच्या जागा बदलण्यावर, चालणारी, वर्षानुवर्षे एकाच गतीने चालू राहणारी क्रीप नक्कीच बाद होते. परंतु डिस्लोकेशनला (स्फटिकातील ज्या रेषादोषाच्या सरकण्याने धातूचा आकार बदलतो त्याला) अडथळा ओलांडायला अणूंनी जागा बदलावीच लागते असे नाही. ताणाने तिला अडथळ्याच्या उंबऱ्यापर्यंत नेले असेल, तर उरलेला थोडा भाग उष्णतेच्या स्पंदनाने पार होतो. षट्कोनी अल्फा टायटॅनियममध्ये हे खोलीच्या तापमानाला सहज घडते. अशी क्रीप सुरुवातीला जोरात असते आणि काळाबरोबर मंदावत जाते. मंदावते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, कारण खरा प्रश्न ती कोणत्या कणात होते हा आहे.

अल्फा टायटॅनियमचा कण, म्हणजे धातूतला एक स्फटिकी दाणा, सर्व दिशांना सारखा नसतो. स्फटिकाच्या उभ्या अक्षाच्या दिशेने त्याचा यंग मॉड्युलस सुमारे १४५ गिगापास्कल, तर त्याला काटकोनात सुमारे १०० गिगापास्कल असतो, आणि सरकण्याच्या सोप्या वाटा उपलब्ध आहेत की नाहीत हेही भाराच्या दिशेवर ठरते. मऊ दिशेने वळलेला कण आणि ताठ दिशेने वळलेला कण शेजारी असतील आणि भार रोखून धरला असेल, तर मऊ कण हळूहळू सरकतो आणि आपल्या वाट्याचा ताण सोडत जातो. पालखीच्या दांडीखालच्या एका भोयाने खांदा झुकवला की पालखीचे वजन कमी होत नाही, ते शेजारच्या भोयाच्या खांद्यावर जाते; तसा हा सुटलेला ताण शेजारच्या ताठ कणावर साचतो आणि तिथे पृष्ठभागाच्या आत भेग जन्म घेते. फोर्जिंगमध्ये एकाच दिशेने वळलेल्या कणांचे मोठे पट्टे राहून गेलेले असतील, तर अशी जोडी दोन-चार मायक्रोमीटरची न राहता मिलिमीटरच्या घरात जाऊ शकते. ए-३८० च्या हबमध्ये भेग अशाच पट्ट्यातून सुरू झाली होती.

आता पहिला प्रश्न, ६५ ही चूक आहे का. आकडेमोड चुकलेली नाही. होल्डच्या सुरुवातीला विकृतीचा दर सेकंदाला सुमारे ०.०१ होता आणि शेवटी ०.००००१, म्हणजे तो हजारपटीने उतरला. त्याच वेळात कठीणपणा फक्त १० टक्क्यांनी उतरला. हजाराच्या लॉगॅरिथमला ०.९ च्या लॉगॅरिथमने भागले की चिन्ह सोडून सुमारे ६५ येतात. ज्या धातूचा कठीणपणा दर हजारपटीने बदलूनही जेमतेम दहा टक्के हलतो, त्याचा घातांक मोठा येणारच. फरक आहे तो अर्थामध्ये. पाठ्यपुस्तकातले ३ किंवा ५ हे आकडे उच्च तापमानाला, स्थिर झालेल्या क्रीपमध्ये, ज्यात डिस्लोकेशन निर्माण होण्याचा आणि नाहीशा होण्याचा वेग समतोल साधतो अशा अवस्थेतून आलेले आहेत. तुमच्या ठशाखाली असा समतोल नाही. बर्कोविच टोकाखालच्या (तीन बाजूंच्या पिरॅमिडसारख्या हिऱ्याखालच्या) धातूत प्रातिनिधिक विकृती सुमारे ८ टक्के असते, तो धातू काही सेकंदांपूर्वीच तुडवला गेलेला असतो, आणि होल्डमध्ये आपण त्याचे निवळणे पाहतो. त्यामुळे ६५ हा आकडा उलटा करून वाचावा: १ भागिले ६५, म्हणजे सुमारे ०.०१५. ही झाली धातूच्या ताकदीची दर-संवेदनशीलता, आणि खोलीच्या तापमानाच्या टायटॅनियम मिश्रधातूला ती शोभणारी आहे. माझे स्पष्ट मत असे की अशा चाचणीच्या अहवालात घातांक छापूच नये, दर-संवेदनशीलता छापावी. घातांक छापला की वाचणाऱ्याचा हात आपोआप क्रीपच्या कोष्टकाकडे जातो.

याच आकड्यांतून आणखी एक राशी काढता येते, आणि यंत्रणेबद्दल काही शिकायचे असेल तर मला ती अधिक उपयोगी वाटते. तिला सक्रियण आकारमान म्हणतात: अडथळा ओलांडताना डिस्लोकेशनचा जेवढा भाग एका वेळी हलतो, त्याच्याशी निगडित असे हे आकारमान आहे. ३ गुणिले ३ चे वर्गमूळ, गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक व तापमान, गुणिले दराच्या लॉगॅरिथममधील बदल, भागिले कठीणपणातील बदल, असे ते सूत्र. तुमचे आकडे घातले तर सुमारे ०.३७ घन नॅनोमीटर येतात. टायटॅनियममधील डिस्लोकेशनचा बर्गर्स सदिश (ती एका वेळी जेवढे सरकवते ते अंतर) ०.२९५ नॅनोमीटर, त्याचा घन ०.०२६ घन नॅनोमीटर, म्हणजे सक्रियण आकारमान त्याच्या सुमारे १४ पट झाले. तांबे किंवा निकेलसारख्या मोठ्या कणांच्या शुद्ध धातूत, जिथे एक डिस्लोकेशन दुसरीला छेदत जाते, तिथे हा आकडा काही शेकड्यांत असतो. कण नॅनोमीटरच्या घरात गेले की तो एक ते काही दशकांवर येतो. १४ हा आकडा लहान, ठिकठिकाणच्या अडथळ्यांकडे, विरघळलेल्या अणूंकडे आणि स्फटिकाच्या आपल्याच घर्षणाकडे बोट दाखवतो. पण पुरावा म्हणून तो तेव्हाच उभा राहील, जेव्हा त्यामागचे २७ नॅनोमीटर खरे असतील.

आणि ते खरे आहेत का, हे तुमच्या अहवालातून कळत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

अशा यंत्रांत थर्मल ड्रिफ्टची (तापमान बदलल्याने यंत्राच्या आपोआप सरकण्याची) सर्रास मान्य केली जाणारी मर्यादा सेकंदाला ०.०५ नॅनोमीटर असते. तिच्याखाली आल्यावर यंत्र चाचणी सुरू करते. दहा-वीस सेकंदांच्या कठीणपणाच्या चाचणीला ही मर्यादा पुरेशी आहे. सहाशे सेकंदांच्या होल्डमध्ये मात्र एवढ्या ड्रिफ्टने ३० नॅनोमीटर जमा होतात, आणि तुमचा संपूर्ण क्रीपचा संकेत २७ नॅनोमीटरचा आहे. होल्डच्या शेवटी तर टोकाचा खरा वेग सेकंदाला सुमारे ०.००५ नॅनोमीटर असायला हवा, म्हणजे मान्य ड्रिफ्टच्या दहाव्या हिश्श्याएवढा. दुसऱ्या बाजूने पाहा: पोलाद दर अंशाला लांबीच्या १२ दशलक्षांशाने वाढते, त्यामुळे यंत्राच्या चौकटीचा दहा सेंटिमीटरचा भाग एका अंशाच्या हजाराव्या हिश्श्याने तापला तरी १.२ नॅनोमीटरने लांबतो. तुमचे सगळे २७ नॅनोमीटर अंशाच्या सुमारे दोन शतांश बदलातून येऊ शकतात.

नाशिकच्या हवेत ही बाब विशेष जपावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास असणारे तापमान दुपारी अठ्ठावीसवर जाते, आणि ज्या खोलीची एक भिंत पूर्वेला उघडी आहे तिथे वातानुकूलन चालू असूनही सकाळी नऊ ते बारा यंत्राची चौकट सतत एकाच दिशेने सरकत राहते. वीज जाऊन आली की एसी परत चालू होतो, खोली वीस मिनिटांत गार वाटते, पण यंत्राच्या पोटातला धातूचा ठोकळा स्थिर व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून लांब होल्डच्या चाचण्या रात्री, दार बंद करून, नमुना यंत्रात आदल्या संध्याकाळीच बसवून घ्याव्यात. कंपनांचेही तसेच आहे. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालत असेल, तर कंपनरोधक टेबल असूनही होल्डच्या आलेखावर बारीक दातेरी रेघ उमटते. प्रयोगशाळा तळमजल्यावर असावी आणि प्रेसच्या शिफ्टनंतर मोजावे. प्रयोगशाळेकडे चाचणीची वेळ मागून घ्या. ती सकाळची असेल, तर मी ते २७ नॅनोमीटर जपूनच वापरीन.

ड्रिफ्ट मोजण्याची प्रचलित रीत अशी की भार उतरवताना कमाल भाराच्या दहा टक्क्यांवर थांबून साधारण एक मिनिट सरकणे पाहायचे आणि तो वेग संपूर्ण चाचणीला लावायचा. दहा मिनिटांच्या होल्डला ही दुरुस्ती पुरत नाही, कारण दहाव्या मिनिटाचा ड्रिफ्ट पहिल्या मिनिटाचा असेलच असे नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे ठशाच्या मोजलेल्या खोलीवर विसंबणेच सोडायचे. होल्डच्या काळात भारावर एक बारीक, जलद दोलन चढवून संपर्काचा ताठपणा सतत मोजतात. ताठपणा संपर्कक्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आणि मॉड्युलस बदलत नाही असे धरता येते, त्यामुळे क्षेत्र थेट ताठपणावरून मिळते. चौकट कितीही हळू सरकली तरी जलद दोलनाच्या मोजमापावर तिचा परिणाम जवळजवळ होत नाही. प्रयोगशाळेच्या यंत्रात सतत ताठपणा मोजण्याची सोय असेल, तर लांब होल्डसाठी हीच पद्धत मागा. ती सोय नसेल, तर होल्ड ६० सेकंदांवर आणा आणि त्याहून जास्त काही सांगण्याचा आग्रह सोडा.

नमुना कशावर चिकटवला आहे, हेही विचारा. गरम करून लावायचे मेण किंवा जाड थराचा गोंद भाराखाली स्वतःच सरकतो, आणि ते सरकणे आलेखात टायटॅनियमच्या खात्यावर जमा होते. सायनोअ‍ॅक्रिलेटचा अगदी पातळ थर, किंवा शक्य असेल तर यांत्रिक पकड, हेच योग्य. पडताळणीसाठी फ्यूज्ड सिलिकाच्या (शुद्ध सिलिकाच्या काचेच्या) तुकड्यावर तोच भार, तोच होल्ड चालवायचा. पहिल्या काही सेकंदांनंतरही तिथे टोक एकसारखे आत जात राहिले, तर ते बहुतांशी यंत्राचे किंवा चिकटवणीचे आहे असे समजावे. पृष्ठभागाबद्दल एवढेच सांगतो की एमरी पेपर आणि हिऱ्याच्या पेस्टने तुडवलेला थर काही शेकडा नॅनोमीटर खोल असू शकतो, म्हणजे तुमच्या ठशाएवढाच. शेवटी कोलॉइडल सिलिकाचे लांब पॉलिशिंग किंवा इलेक्ट्रोपॉलिशिंग झालेले असले पाहिजे.

भार चढवण्याचा वेग हा आणखी एक मुद्दा, आणि हाय-एन्ट्रॉपी नमुन्याशी तुलना करताना तोच आडवा येईल. भार झटकन चढवला तर निवळायचे बरेच काही होल्डसाठी शिल्लक राहते आणि क्रीप जास्त दिसते. सावकाश चढवला तर बराचसा भाग चढतानाच निवळून गेलेला असतो. त्यामुळे दोन मिश्रधातूंचे होल्डमधील नॅनोमीटर थेट शेजारी ठेवून ‘हा जास्त क्रीप होतो’ असे म्हणता येत नाही, जोवर भार चढवण्याचा वेग भाराच्या प्रमाणात समान ठेवलेला नाही. टोकदार इंडेंटरला भारवाढीचा वेग भागिले भार हे गुणोत्तर स्थिर ठेवले, तर ठशाखालचा विकृती-दर त्याच्या निम्म्यावर स्थिरावतो. तुलना याच पद्धतीने करावी, आणि त्याहून चांगले म्हणजे होल्ड बाजूला ठेवून एकाच ठशात दर मधेच दहापटीने बदलून कठीणपणा किती उडी घेतो ते पाहावे. या चाचणीला काही मिनिटे पुरतात, ड्रिफ्टचा त्रास कमी होतो आणि दर-संवेदनशीलता थेट हाती येते.

ठशाच्या खोलीचा स्वतःचाही एक परिणाम असतो. ठसा जितका उथळ, तितका धातू कठीण भासतो. निक्स आणि गाओ यांनी १९९८ मध्ये त्याचे सूत्र दिले. होल्डमध्ये टोक ५०० वरून ५२७ नॅनोमीटरवर जाते, तेव्हा केवळ खोली वाढल्याने कठीणपणा थोडा उतरतो. सूत्रातील लांबी ५०० नॅनोमीटर धरली, तर ही घट सव्वा टक्क्याच्या आसपास येते. तुमच्या दहा टक्क्यांपैकी एवढा वाटा काळाचा नाही. हाच वाटा शंभर नॅनोमीटरच्या ठशात दोन टक्क्यांवर जातो, आणि तिथे टोकाच्या बोथटपणाचीही भर पडते. ज्या निबंधांत पन्नास-साठ नॅनोमीटर खोलीवर घातांक १ किंवा २ मिळाला म्हणून विसरणाची क्रीप सिद्ध झाल्याचे लिहिलेले असते, ते मी नेहमी दोनदा वाचतो.

हाय-एन्ट्रॉपी नमुन्याविषयी. हे मिश्रधातू २००४ मध्ये कँटर आणि येह यांच्या स्वतंत्र कामांतून पुढे आले. कोबाल्ट, क्रोमियम, लोह, मँगेनीज आणि निकेल समप्रमाणात घेतलेला मिश्रधातू हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला. त्यांच्यात विसरण मुळातच मंद असते, म्हणून ते क्रीपला चिवट असतात, असे सुरुवातीला सरसकट म्हटले जाई. नंतरच्या ट्रेसर-विसरण मोजमापांत हा दावा तेवढ्या सरसकटपणे टिकलेला नाही. खोलीच्या तापमानाच्या ठशावरून त्याबद्दल बोलण्यात तर अर्थच नाही, कारण तिथे विसरण जवळजवळ थांबलेलेच असते आणि चाचणी विरघळलेल्या अणूंनी डिस्लोकेशनला केलेला अडथळा मोजत असते. या अडथळ्याचा अभ्यास करायचा असेल तर चाचणी उत्तम आहे. सातशे अंशांवर तो मिश्रधातू कसा वागेल हे ती सांगणार नाही. त्यासाठी गरम चाचणी लागते, आणि तिथे टोक व नमुना दोन्ही एकाच तापमानाला आणावे लागतात. हिरा तापल्यावर लोहाशी आणि टायटॅनियमशी रासायनिक क्रिया करतो, म्हणून वेगळ्या पदार्थाचे टोक आणि निर्वात कक्ष वापरतात. तो मोठा आणि खर्चाचा विषय आहे.

एवढे सगळे वाचून ही चाचणीच निरुपयोगी आहे असा ग्रह होऊ नये. जिथे धातू खोलीच्या तापमानालाच ‘गरम’ असतो, तिथे ठसा खरीखुरी क्रीप मोजतो. लुकास आणि ऑलिव्हर यांनी १९९९ मध्ये इंडियमवर हे दाखवले. इंडियम १५७ अंशांना वितळते, आणि ठशातून मिळालेली सक्रियण ऊर्जा त्याच्या स्व-विसरणाच्या ऊर्जेशी जुळली. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या इलेक्ट्रॉनिक्स पुरवठादारांना याचा थेट उपयोग आहे. शिसेविरहित सोल्डर, म्हणजे ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबे आणि बाकी कथिल, २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागते, म्हणजे ४९० केल्विन. तीस अंशांच्या खोलीत त्याचे गुणोत्तर ०.६२ असते. सर्किट बोर्डावरच्या जोडाएवढ्या लहान जागी ओढचाचणीचा नमुना कापता येत नाही, ठसा मात्र घेता येतो, आणि तिथे मिळणारा घातांक पाठ्यपुस्तकाच्या घरात येऊ शकतो.

टायटॅनियमच्या बाबतीत चाचणीचे बळ तिच्या लहानपणातच आहे. पाचशे नॅनोमीटरच्या बर्कोविच ठशाची बाजू सुमारे पावणेचार मायक्रोमीटर असते आणि त्याचा प्लास्टिक प्रभाव साधारण खोलीच्या पाच ते दहा पटींपर्यंत, म्हणजे अडीच ते पाच मायक्रोमीटरपर्यंत पोहोचतो. नेहमीच्या फोर्ज केलेल्या ग्रेड ५ मध्ये अल्फा कण दहा-पंधरा मायक्रोमीटरचा असेल, तर ठसा त्याच्या मधोमध बसवता येतो. आधी ईबीएसडीने (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून स्फटिकांच्या दिशा ओळखण्याच्या पद्धतीने) कणांच्या दिशांचा नकाशा करायचा, मग मऊ दिशेच्या आणि ताठ दिशेच्या कणांत वेगवेगळे ठसे घ्यायचे, दोन ठशांत खोलीच्या किमान दहापट अंतर ठेवायचे आणि दोन्ही गटांचा कठीणपणा व दर-संवेदनशीलता वेगळी नोंदवायची. ड्वेलमध्ये ताण कोणत्या कणाकडून कोणत्या कणाकडे जाईल, याची कच्ची सामग्री हीच आहे. कणांच्या पातळीवरची संगणकीय प्रतिमाने अशा आकड्यांवरच उभी राहतात. तुमच्या अहवालात मात्र सर्व ठशांची एकच सरासरी दिलेली आहे, म्हणजे ज्या फरकातून धोका निर्माण होतो तो फरकच पुसला गेला आहे. लेझरने पावडर वितळवून बनवलेल्या भागांत पट्ट्या मायक्रोमीटरभर किंवा त्याहूनही बारीक असतात, तिथे एका ठशाखाली अनेक पट्ट्या येतात आणि सरासरीला पर्याय राहत नाही, हे लक्षात ठेवावे.

भागाच्या आयुष्यासाठी काय करावे, हे आता सरळ सांगता येईल. एएसटीएम ई-१३९ नुसार ओढीतील क्रीप चाचणी कामाच्या ताणावर, यील्डच्या खाली, काही शेकडा तास करून घ्या. दहा हजार तासांत एक टक्का विकृती म्हणजे सेकंदाला एक अब्जांशाच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त दर होतो, तुमच्या होल्डच्या शेवटच्या दरापेक्षाही हजारो पटींनी कमी, आणि तेवढे हळू मोजण्याची ताकद लांब नमुना व लांब काळ यांतच असते. भाग फिरणारा असेल, तर कमाल भारावर दोन मिनिटे थांबा देऊन केलेली ड्वेल फटीग चाचणी आणि तीच चाचणी थांब्याशिवाय, अशी जोडी करा. दोन्हींतील आवर्तनांचे गुणोत्तर हे तुमच्या ग्राहकाला समजणारे आणि त्याच्या कामाचे उत्तर आहे. बिलेटमधील एकदिश पट्ट्यांसाठी अल्ट्रासॉनिक तपासणीची आणि ईबीएसडीची मागणी कच्चा माल घेतानाच करा, कारण ते पट्टे नॅनो-ठशाच्या नजरेला पडत नाहीत आणि मशिनिंग झाल्यावर ते शोधून उपयोगही होत नाही.

सध्याच्या अहवालाचे काय करायचे, तर तो परत पाठवून प्रयोगशाळेकडून पुढील माहिती मागा: प्रत्येक ठशाचा होल्डमधील मूळ, दुरुस्ती न केलेला खोली-वेळ आलेख, ड्रिफ्ट कधी व किती वेळ मोजला आणि त्याची किंमत, भार चढवण्याचा वेग, पॉलिशिंगची शेवटची पायरी, नमुना कशाने चिकटवला ते, आणि त्याच दिवशी फ्यूज्ड सिलिकावर घेतलेला तसाच होल्ड. आयएसओ १४५७७ प्रमाणे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे यातले बहुतेक तयारच असते. ते हाती आल्यावर २७ पैकी किती नॅनोमीटर टायटॅनियमचे होते, हे अर्ध्या तासात ठरवता येईल, आणि उरलेल्या आकड्यावरून दर-संवेदनशीलता पुन्हा काढून अहवालात घातांकाच्या जागी ती लिहून घ्यावी.